सत्तेचाळिसाव्या वर्षी लाटेवर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळातल्या बायका जमल्या होत्या. वाण देऊन झालं होतं, तिळगूळ खाऊन झाला होता आणि गप्पा रंगल्या होत्या. मी सहज म्हणून गेले, "पुढच्या आठवड्यात मी कर्नाटकात चाललेय. सर्फिंग शिकायला."

"सर्फिंग म्हणजे ते कॉम्प्युटरवर करतात तेच ना?" एक काकू म्हणाल्या. "त्यासाठी कर्नाटकात कशाला? स्टेशनजवळ क्लास आहे की!"

तेवढ्यात एकीने मोबाइलवर व्हिडिओ काढून सगळ्यांना दाखवला. समुद्राची उंच लाट आणि त्या लाटेवरून फळीवर उभी राहून घसरत येणारी विशीतली गोरी मुलगी. मग जो काही हशा पिकला! "अगं, तिचं वय काय, तुझं वय काय!" "गुडघे सांभाळ गं बाई!" घरी सासूबाईंनी तर हातातली जपमाळ बाजूला ठेवून विचारलं, "या वयात हातपाय मोडून घ्यायचे आहेत का तुला?"

मैत्रिणींनो, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं वय सत्तेचाळीस. बी.ए. झाले आणि लग्न होऊन बदलापूरला आले. घर, मुलं, सासूसासरे आणि वेळ मिळेल तसं मंडळाचं काम, यात पंचवीस वर्षं गेली. वर्षभरापूर्वीपर्यंत मला पोहताही येत नव्हतं. मग ही अवदसा आठवली कुठून? ते सांगायचं तर मला वीस वर्षं मागे जावं लागेल.

२६ जुलै २००५. ती तारीख आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि साऱ्या देशाने मुंबईची दृश्यं टीव्हीवर पाहिली. पण इकडे उल्हास नदीने आणि वालधुनीने काय केलं ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आम्ही नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. हे कामावर अडकलेले. घरात सासूबाई, मी आणि दोन वर्षांची मुलगी. पाणी उंबऱ्याशी आलं, मग ओट्याला लागलं आणि बघता बघता माझ्या छातीपर्यंत चढलं. आमच्या दारापासून वर जायचा जिना पंधरा पावलांवर होता. फक्त पंधरा पावलं! पण मला ती टाकता येईनात. ओली साडी पायांना गुंडाळली गेली होती, आणि पाण्याने पाय उचलले की माणसाने नेमकं काय करायचं असतं, हे मला सत्तावीस वर्षांत कुणीच शिकवलं नव्हतं. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. त्याने आधी सासूबाईंना नेलं, मग मुलीला खांद्यावर घेतलं आणि शेवटी माझा दंड धरून ओढत नेलं. तो खाडीकाठच्या गावात वाढलेला, त्याला पोहता येत होतं. म्हणून मी आज हे लिहितेय.

त्यानंतर आम्ही घर बदललं, दुसऱ्या मजल्यावर आलो. भीती मात्र बदलली नाही.

मग आला २७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते आणि त्यांत नऊ गरोदर बायका. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आपल्या गावागावांतली मुलं धावून गेली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. आमचं मंडळ चहा-पोळीभाजी घेऊन गेलं होतं. तिथे बसलेल्या बायकांशी बोलताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, "पोहायला येत नाही हो, त्याचीच भीती वाटत होती." मी घरी आले आणि मनाशी म्हटलं, चौदा वर्षं झाली, तुला तरी कुठे येतं?

आपण बायका दिवसभर पाण्यातच असतो. नळाला पाणी कधी येणार यावर आपलं घड्याळ चालतं. भरणं, उकळणं, गाळणं, धुणं, सगळं आपल्याकडे. पण त्याच पाण्यात स्वतः उतरायचं म्हटलं की आपण काठावर. मुलगे नदीवर, विहिरीवर पोहायला शिकले. कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून बापाने त्यांना विहिरीत ढकललं. बहिणी वर कपडे सांभाळत बसल्या. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या आगरी-कोळी घरांतल्या आज्या तेवढ्या पोहणाऱ्या होत्या असं ऐकते, पण आम्ही नोकरीधंद्यासाठी येऊन इथे वसलेल्या कुटुंबांनी ते कधी उचललं नाही.

याची किंमत काय होते? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने पाहणी केली. तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांपेक्षा जवळपास तिप्पट बायका गेल्या होत्या. कारणं अनेक होती. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या, मुलांना घेऊन पळत होत्या. इंडोनेशिया-श्रीलंकेतून आणखी एक कारण पुढे आलं, पुरुषांना पोहायला आणि झाडावर चढायला येत होतं, बायकांना नाही. वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण ती पंधरा पावलं आठवली.

उलट बाजूही सांगायला हवी. रोजच्या बुडण्याच्या घटना पाहिल्या तर पुरुष आणि मुलगे जास्त जातात, कारण पाण्यात तेच जास्त जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ चा जगाचा आकडा सुमारे ३ लाख दिला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून जाहीर केला. योगायोग बघा, आपल्या २६ जुलैच्या आदला दिवस! पण आपल्याकडे किती जणींना तो माहीत आहे? दर पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्याशी कुणाचा तरी मुलगा जातो. बंदीचा आदेश निघतो, पोलीस उभे राहतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बातमी येते. त्या मुलांच्या आया काठावर असत्या तरी त्यांना काय करता आलं असतं, हा प्रश्न मला छळतो. म्हणून मी पोहायला शिकायचं ठरवलं. सर्फिंग नंतर आलं.

हे 'नंतर' फार महत्त्वाचं आहे बरं का. व्हिडिओ पाहून थेट समुद्रावर जाऊ नका.

पहिली अडचण आली कपड्यांची. पोहण्याचा पोशाख म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नको ते येतं. पण आता पूर्ण बाह्यांचे, पोटरीपर्यंतचे पोशाख मिळतात. उल्हासनगरच्या आमच्या ओळखीच्या सिंधी भाभींना सांगितलं, तर त्या मला जपानी बाजारात घेऊन गेल्या. ताणलं जाणारं कापड घेतलं, त्यांच्या ओळखीच्या शिंप्याने मापाचं शिवून दिलं. जगाची जीन्स शिवणारं गाव ते, एवढं काय अवघड! भाभी हसून म्हणाल्या, "हमारे झूलेलाल मछली पर बैठकर आते हैं, तुम लकड़ी पर बैठना." मला ते फार आवडलं. सिंधू नदीच्या काठावरून फाळणीत उठून आलेली माणसं. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं आणि नदीच्या देवाला पुजणारी ही मंडळी वालधुनीकाठी वसली. ज्या वालधुनीकाठी शिलाहारांनी १०६० मध्ये अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं, तिच्यात आज रसायनं आणि सांडपाण्यामुळे कुणी पायसुद्धा बुडवणार नाही. नदीत शिकण्याची सोय आपणच संपवली. आता तलावच उरला, म्हणजे स्विमिंग पूल.

दुसरी अडचण वेळेची. मी ज्या तलावावर गेले तिथे बायकांची बॅच सकाळी साडेअकरा ते साडेबारा. आता सांगा, साडेअकराला कुठली बाई मोकळी असते? शाळेतून लहान मूल यायची वेळ, जेवणाची वेळ, कामावर जाणारी तर गेलेलीच. सकाळ-संध्याकाळच्या चांगल्या वेळा पुरुषांना आणि मुलांच्या शिबिरांना. कुणी मुद्दाम केलं असंही नाही, पण वेळापत्रक करताना कुणा बाईला विचारलंच नसावं. वर महिन्यातून दोनदा फाटकावर पाटी, 'आज महिलांची बॅच बंद'. का बंद, ते विचारायचं नाही. तरी आम्ही पाच जणी चिकटून राहिलो. घरी सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस दुपारचं जेवण एक वाजता. पहिले आठ दिवस घर रुसलं, मग सवय झाली. वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो, हे आपण दुसऱ्या बायकांना मंडळात नेहमी सांगतो. स्वतःला सांगायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

तिसरी अडचण भीतीची. आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात पडलं की पोहता येतं. मैत्रिणींनो, हे संसाराबद्दल खरं असेल, पाण्याबद्दल अजिबात खरं नाही. पाण्यात पडलं की माणूस बुडतो. पोहणं शिकावं लागतं आणि तेही क्रमाने. आमच्या शिकवणाऱ्या ताईंनी पहिले चार दिवस हात मारायला दिलेच नाहीत. तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा. कठड्याला धरून पाय उचलायचे. मग पाठीवर झोपून नुसतं तरंगायचं. मोठेपणी शिकणाऱ्याचं डोकं फार बोलतं, त्या म्हणायच्या. लहान मूल विचार करत नाही, आपण अंग आखडून घेतो आणि आखडलेलं अंग खाली जातं. छातीत हवा भरून अंग सैल सोडलं की पाणी आपोआप उचलून धरतं. ज्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या हाताविना तरंगले त्या दिवशी छताकडे बघत मी चक्क रडले. पाण्यातलं रडणं कुणाला दिसत नाही, ही एक सोय!

चार महिन्यांत तलावाची लांबी न थांबता पार करता येऊ लागली. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आता समुद्र." ती मैत्रिणींबरोबर मुल्कीला जाऊन आली होती. मी म्हटलं, वेडी आहेस का? पण मग वाचायला लागले, आणि वाचत गेले तसं कुतूहल वाढत गेलं.

मुल्की हे मंगळूरजवळचं गाव. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या तिथे समुद्राला मिळतात. जॅक हेबनर या अमेरिकन कृष्णभक्ताने २००४ च्या सुमारास तिथे आश्रम काढला आणि भजनाबरोबर लाटांवर फळी चालवायला शिकवू लागले. भारतातल्या सर्फिंगच्या शिक्षणाचं हे एक मूळ. जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ पासून राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्या. आपल्या मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकायला गेली आणि २००७ मध्ये सर्फिंग शिकली. तिला देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणतात. तिने आणि तुषार पाथियनने उडुपीजवळच्या कोडी बेंगरे या मच्छीमार गावात क्लब काढला. तमिळनाडूत महाबलीपुरमची कमली मूर्ती आहे. एकट्या आईने, सुगंधीने, तिला वाढवलं आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करता लाटांवर जाऊ दिलं. त्या मायलेकींवरच्या 'कमली' या लघुपटाचं जगभर कौतुक झालं. सर्फिंग टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, पहिल्यांदा आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली आणि त्यात रमेश बुदिहाळने भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. सांगायचं काय, तर हा खेळ आता फक्त परदेशी सिनेमातला राहिलेला नाही.

पण ही सगळी तरुण मंडळी झाली. माझ्या वयाचं कोण? शोधताना जपानचे सेइची सानो सापडले. हे गृहस्थ ऐंशीव्या वर्षी फुजी पर्वत चढले, आणि मग आता पुढे काय, म्हणून सर्फिंग शिकायला लागले! २०२३ मध्ये गिनीज बुकाने त्यांना जगातले सर्वांत वयस्क सर्फर म्हणून मान दिला. आम्हा सत्तेचाळिशीच्या 'म्हाताऱ्यांनी' त्यांच्यापुढे काय रडायचं? यांना दाखवलं तर हे म्हणाले, "जा बाई, पण आधी डॉक्टरांना विचार." ते मात्र योग्य बोलले. मी रक्तदाब, साखर तपासून घेतली, गुडघ्यांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जा, पण महिनाभर आधी मांड्यांचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करा. रोज दात घासताना एका पायावर उभी राहू लागले. सासूबाईंना वाटलं, काही तरी नवस असेल.

भिशीचे पैसे लागले तसे मायलेकींची तिकिटं काढली. दुपारी ठाण्याहून मत्स्यगंधा पकडली, पहाटे मुल्की. सर्फिंगचा हंगाम पश्चिम किनाऱ्यावर साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नवशिक्यांनी जायचंच नाही.

शिकवणारा मुलगा जेमतेम चोवीस-पंचविसाचा, मच्छीमार घरातला. मला तो 'अम्मा' म्हणायचा. पहिला तास वाळूवरच. फळी नऊ फूट लांब, वरून मऊ फोमची, म्हणजे डोक्यावर आदळली तरी निभावतं. तिची दोरी घोट्याला बांधायची. पालथं झोपायचं, दोन्ही हातांनी पाणी मागे सारायचं आणि लाटेने फळी उचलली की हातांवर रेटा देऊन एका झटक्यात उभं राहायचं. वीस वर्षांची मुलं हे एका उडीत करतात. मी वाळूवर दहा वेळा केलं आणि दहाही वेळा गुडघ्यावरच आले. मी ओशाळले. तो म्हणाला, "अम्मा, तुम्ही आधी गुडघ्यावरच या. मग एक पाय, मग दुसरा. लाट तुमच्यासाठी थांबणार नाही, पण लाटा पुष्कळ आहेत." एवढ्याशा पोराने केवढं बोलून दाखवलं!

पाणी कमरेइतकं, लाटा फुटून फेसाळलेल्या, तिथेच पहिले दोन दिवस. पडायचं कसं ते आधी शिकवलं. डोक्यावर नाही, अंग पसरून उथळ पडायचं. वर येताना हात डोक्यावर धरायचे. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये ठेवायची नाही, नाहीतर लाट ती आपल्याच अंगावर फेकते. मी किती वेळा पडले ते मोजणं पहिल्या तासात सोडून दिलं. नाकातोंडात खारट पाणी, कोपरं सोललेली, खांदे असे भरून आलेले की रात्री वेणी घालता येईना. मुलीने घातली. लहानपणी मी तिची घालायचे.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर टिकले. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या तासाला, एक लाट आली, मागून ढकलल्यासारखं झालं, मी एक पाय पुढे घेतला, दुसरा घेतला आणि उभी राहिले. तीन सेकंद, फार तर चार. मग धपकन पाण्यात. पण मैत्रिणींनो, त्या चार सेकंदांत पाणी मला ओढत नव्हतं, पुढे नेत होतं. त्याच पाण्याला मी वीस वर्षं भ्याले होते.

मुलगी काठावरून ओरडत होती, "आई! उभी राहिलीस!" ती पहिलं पाऊल टाकताना मी असंच ओरडले होते.

आता कुणी म्हणेल, तुला परवडलं, तू गेलीस. आमचं काय? बरोबर आहे. हा खेळ स्वस्त नाही, समुद्र आपल्या दारात नाही, आणि सगळ्यांनी सर्फिंग करावं असं माझं म्हणणंही नाही. माझं म्हणणं त्याच्या अलीकडच्या पायरीचं आहे. सर्फिंगची शिकवणी सुरू होण्याआधी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "पोहता येतं का?" हा प्रश्न आपल्या तिन्ही गावांतल्या बायकांना विचारला तर किती हात वर होतील?

समुद्राशी अर्धवट धाडस फार महाग पडतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, त्यांत मुलीच जास्त होत्या. सहलीला गेलेली हसतीखेळती मुलं. आपलीही मुलं उद्या अलिबागला, काशीदला जाणार आहेत. तेव्हा मला मुल्कीच्या त्या मुलाने सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक आईने पाठ करावी. काही ठिकाणी किनाऱ्यावर आलेलं पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने समुद्रात परत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा वरून शांत दिसते आणि माणसं नेमकी तिथेच उतरतात. त्या ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहायचा हट्ट करू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडा. दुसरं कुणी बुडत असेल तर त्याच्या मागे उडी घेऊ नका. दोरी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताला येईल ते फेका. वाचवायला गेलेलाच बुडाला, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

आणि आता मुद्द्याचं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. उल्हासनगरची महानगरपालिका घ्या, अंबरनाथची किंवा कुळगाव-बदलापूरची नगरपरिषद घ्या, निम्म्या खुर्च्या आपल्याच बहिणींसाठी आहेत. महिला व बालकल्याणासाठी पालिकांनी पाच टक्के निधी राखायचा असतो. तो बहुधा शिवणयंत्रं आणि ब्युटीपार्लरच्या वर्गांवर जातो. ते वाईट नाही, पण पन्नास बायकांना पोहायला शिकवणं हेही महिला कल्याणच नाही का? आपल्या वॉर्डाच्या ताईंना तीनच गोष्टी मागा. गावात तलाव असेल तर सकाळी सहा ते सात किंवा संध्याकाळी सात ते आठ, रोज एक तास फक्त बायकांचा. शिकवायला आणि काठावर लक्ष ठेवायला बाईच. आणि पूर्ण अंगाच्या पोशाखाला परवानगी, म्हणजे कुणी लाजून घरी बसायला नको. तलाव नसेल तर तो आधी मागा. एकटीने गेलात तर अर्ज टेबलावर पडून राहील. पंचवीस जणींच्या सह्या घेऊन जा. आमच्या मंडळाने सह्या जमवायला सुरुवात केली आहे. पहिली सही कुणाची माहीत आहे? ज्या काकूंना सर्फिंग कॉम्प्युटरवर करतात असं वाटत होतं, त्यांची. वय वर्षं अठ्ठावन्न. म्हणाल्या, "लाटेबिटेचं मला सांगू नकोस, पण तरंगायला शिकव."

परवा आम्ही आमच्या जुन्या घराकडे गेलो होतो. तळमजल्यावर आता दुसरं कुटुंब आहे. त्यांची सून लहान बाळाला घेऊन दारात उभी होती. मी दारापासून जिन्यापर्यंतची पावलं मोजली. पंधराच भरली. तिला विचारलं, "पोहायला येतं का गं तुला?"

ती हसून म्हणाली, "नाही हो काकू, आम्हाला कोण शिकवणार?"

सव्विसावी सही तिची.